घंटी काढलेली गाडी

४ मार्च, सोमवार
आलो एकदाचे! दोन खोल्या, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन आणि घरमालकीण कमी बोलणारी. आणखी काय हवं? उद्यापासून लॅबचं काम. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे, थंड पेटीत ठेवायचे, साडेअकराच्या आत पोचवायचे. लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी गाडी दिलीय. जुनी आहे, रंग उडालाय, पण इंजिन खणखणीत. आईला सोबत घेऊन फिरायची परवानगी मी आधीच मागून घेतली होती. तिला आता काही आठवत नाही. मागच्या गावात दोनदा दार उघडून निघून गेली. दुसऱ्यांदा तर भर चौकात बसखाली येता येता वाचली. दादाने फोनवर बजावलंय, तिसऱ्यांदा असं झालं तर तो तिला संस्थेत ठेवणार आणि मी चकार शब्द काढायचा नाही. मी म्हटलं, होऊच देणार नाही. गाडीची मागची दारं आतून उघडत नाहीत. देवच पावला म्हणायचा.

६ मार्च, बुधवार
गाडी छान, पण तिची ती घंटी! किल्ली लावलेली असताना कुठलंही दार उघडलं की टिंग टिंग टिंग सुरू. दिवसाला वीस-बावीस घरं, तेवढ्याच वेळा चढ-उतार. किल्ली काढावी तर पंखा बंद पडतो आणि आई घामाघूम होते. डोकं उठलंय नुसतं.
आईला ती घराची बेल वाटते. वाजली की सावरून बसते आणि रिकाम्या सीटकडे बघून "या, बसा" म्हणते. जन्मभर आल्यागेल्याचं केलं तिने. पोटच्या पोरीचं नाव विसरली, पण पाहुण्याला बसा म्हणायला विसरली नाही. पुढच्या घरी मला ते आठवून फिस्सकन हसू आलं, तर माझ्या हातातली सुई बघून पेशंटचं तोंडच उतरलं.

८ मार्च, शुक्रवार
स्टिअरिंगखाली जिथून आवाज येतो तिथे चिकटपट्टी लावली. वर कापसाचा बोळा कोंबला. आता उशीखाली घड्याळ ठेवल्यासारखी वाजते, पण वाजतेच मेली.
आई आज सरकून डाव्या खिडकीशी बसली होती. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, पाहुण्यांना जागा नको का? तिचं सगळं गणित ठरलेलं आहे. घंटी झाली की एक पाहुणा येतो, पुढच्या घंटीला तो उठतो आणि दुसरा येतो. मी म्हटलं, बाई गं, आलेच आहेत तर त्यांचंही रक्त घेऊन टाकते, तेवढीच एक फेरी वाचेल.

११ मार्च, सोमवार
गाडी वायरिंगवाल्याकडे नेली. म्हणाला, हा आवाज बारीक करता येत नाही, वायर कापतो, दोन मिनिटांचं काम. वर हेही म्हणाला की मग एखादं दार नीट लागलं नाही तरी कळणार नाही, बघा. मी म्हटलं, कापा हो, माझं डोकं आधी वाचवा.
आई आतच बसली होती. वायर तुटली तशी ती अगं अगं करायला लागली. एक जण अजून बसलेत म्हणे, आता त्यांना निघायचं कसं कळणार? वायरिंगवाला हसला. मीही हसले. पण येताना कशी शांतता होती! जिवाला जरा बरं वाटलं.

१३ मार्च, बुधवार
आई गप्प गप्प आहे. पाय आखडून खिडकीला चिकटून बसते. विचारलं तर कुजबुजत म्हणाली, दोन दिवस झाले, उठायचं नावच घेत नाहीत.
दुपारी मागची सीट पुसली. आईची जागा गार झाली होती. तिच्या शेजारची जागा ऊबदार होती. ऊन पडलं असेल. गाडी सावलीत होती, पण पडलं असेल थोडं.

१५ मार्च, शुक्रवार
आरशात दिसलं. आईच्या शेजारची गादी दबलेली. वळणावर जराशी वर येते, परत दबते. माणूस सावरून बसतो तशी.
पलीकडची काच आतून धुरकटलेली. आईपासून हातभर लांब. पुसली. पुढच्या घरून आले, तर परत तशीच.
मला भीती वाटतेय. लिहून टाकलं एकदाचं.
डॉक्टरीणबाईंकडे दुसरी गाडी मागितली. नाही म्हणाल्या. नोकरी सोडू? मग आईला काय खायला घालू? आणि तिला घरी एकटी ठेवणं तर शक्यच नाही.

१६ मार्च, शनिवार
आईने सकाळी वेणी घालून घेतली. ठेवणीतले कपडे मागितले. पाहुण्यांनी फार आग्रह केलाय म्हणे, आता तुम्ही आमच्याकडे चला. कुठे, विचारलं. म्हणाली, तेच नेणार आहेत, मला कशाला माहीत असायला हवं?
तिला घट्ट धरून बसले. तिला वाटलं, नर्स आहे कुणीतरी.

१८ मार्च, सोमवार
सकाळी आधी वायर परत जोडून घेतली. घंटी झाली की तो उठेल. त्याच्या बाजूचं दार मी उघडून धरणार, आईकडचं बंदच. बस्स.

१८ मार्च, पावणेअकरा
गाडीतच लिहितेय. दार उघडलं. टिंग टिंग. हात जोडले, म्हटलं या आता. गादी वर आली — खरंच आली — सुटले म्हणून डोळे मिटले, क्षणभरच —
आई नाही. तिच्या सीटचा पट्टा सुटलेला. त्याच दाराने गेली. सरळ रस्ता, दोन्हीकडे भिंती, आणि कुठेच नाही —

१८ मार्च, तीन वाजता
पोलीस येऊन गेले. दादा ओरडला नाही. रडला. मीच दार उघडून दिलं. माझ्या हाताने.
घंटी ऐकून येतात ना? मग आईही येईल. किल्ली लावलीय. मागचं दार सताड उघडं. टिंग टिंग टिंग. दोन तास. ये गं. बस.

चार
दार लागलं. घंटी थांबली.
गादी दबली — माझ्या मागे — एकच जण — वळायचा धीर नाही. आई? आलीस ना गं? बोल ना —
खट्. पट्टा लागला.
आईला पट्टा लावता येत नाही. रोज मीच लावून दे —