बुरशी कशानं कमी झाली

४ फेब्रुवारी, मंगळवार

बुरशी वाढवायच्या शेवटच्या प्लेटा मोजून झाल्या. चाळीस मुलगे, प्रत्येकाचे दोन स्वॅब – एक सुंतेच्या आधीचा, एक दहाव्या दिवशीचा. आधीच्या प्लेटांत सव्वीस जणांकडे यीस्टचे, म्हणजे बुरशीचे, पांढरट ठिपके. नंतरच्यांत फक्त चौघांकडे. सर खूश. 'कातडी गेली, ओल गेली, बुरशीचं बिऱ्हाड उठलं!' मीही हसले. वर्षभर मान मोडून मोजल्याचं चीज झालं म्हणायचं.

मग मन थाऱ्यावर का नाही?

५ फेब्रुवारी

वहिनीचा फोन. भाच्याला, पिटूला, शूच्या जागी परत लाल झालंय, खाज सुटलीय. तीन महिन्यांत चौथ्यांदा. त्यांच्या डॉक्टरांनी सुंता सुचवलीय. दादानं मधेच फोन घेतला. 'तू वर्षभर हेच बघतेयस ना? मग सांग की.'

'आमच्याकडे तरी बुरशी कमी झालेली दिसते.'

दिसते, एवढंच म्हणाले मी. त्यानं 'होते' असं ऐकलं असणार.

६ फेब्रुवारी

कशात लक्ष नाही. चहा दोनदा उतू गेला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी स्वॅबच्या नळ्या द्यायला ड्रेसिंगच्या खोलीत गेले. सिस्टर एका आईला समजावत होत्या – 'हे मलम दिवसातून दोनदा, दहा दिवस. चुकवायचं नाही.' ती ट्यूब सहज उचलून वाचली. बुरशीवरचं औषध आहे त्यात.

'हे सगळ्यांना देता?'

'सगळ्यांना. जखमेत काही होऊ नये म्हणून. पहिल्यापासून देतोय.'

म्हणजे आमचा दुसरा स्वॅब मलम चोपडलेल्या कातडीचा. बुरशी सुंतेनं कमी झाली की मलमानं, कोण सांगणार? मी तर नाही. आणि दादाला सांगून बसले.

दोन दिवस सुट्टी. सर भेटणार नाहीत. घरभर नुसत्या येरझारा.

१० फेब्रुवारी, सोमवार

सरांना सांगितलं.

'शोधनिबंध छापायला पाठवून झालाय.'

'मग परत मागवा, सर. नाहीतर माझं नाव काढा.'

'मलम बंद झाल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा स्वॅब? चाळीस आईबापांना पुन्हा बोलवायचं?'

'हो.'

सरांनी कपाट उघडून फोन नंबरांची वही माझ्यापुढे ठेवली.

संध्याकाळी दादाला फोन केला. गुरुवारी ऑपरेशन ठरलंय म्हणे. भूल द्यायची म्हणून उद्या रक्त तपासायला बोलावलंय.

'नका जाऊ उद्या. मी घाईनं बोलले. आम्हालाच अजून ठाऊक नाही.'

'परवा एक, आज एक. पोराला किती दिवस खाजवत ठेवू?' – आणि फोन ठेवला. लहानपणापासून दादा माझ्यावर कधी चिडला नव्हता.

११ फेब्रुवारी

दादा फोन उचलत नाही. लांबलचक मेसेज लिहिला, पुसला. परत लिहिला, परत पुसला. वहीतले नऊ नंबर लावून झाले. तीन आया यायला तयार, एका बापानं झापलं. चारला वहिनीचा मेसेज – रक्त देऊन आलो.

ऐकलं नाहीच त्यांनी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ऑपरेशन रद्द. माझ्यामुळे नाही. पिटूच्या रक्तात साखर चारशेबारा. पाच वर्षांच्या पोराला मधुमेह. दवाखान्यात ठेवलंय, इन्शुलिन सुरू झालंय. वेळेत कळलं, म्हणाले डॉक्टर. महिनाभर सारखं पाणी मागायचा, वहिनी सांगत होती, खेळून येतो म्हणून असेल वाटलं. रक्तात साखर वाढली की बुरशी अशी परत परत होते; चार वेळा झाली आणि मी एकदाही काही विचारलं नाही. नुसतं म्हणाले, उद्या रक्त तपासायला जाऊ नका.