उतारावरचा आवाज

३ मार्च, रविवार

मेला! आता हा गादिएल मेलाच म्हणायचा. सख्खा भाऊ आहे म्हणून नुसती दातओठ खातेय, नाहीतर मीच गळा दाबला असता.

शर्यती संपल्या होत्या. पिंचोच्या गाड्यापाशी सगळे भाजलेल्या मांसाच्या काड्या चघळत उभे. लुबीन म्हणाला, "गादिएल, तुझी गाडी नाही भुंकत रे, तुझी बहीण भुंकते! पाईप तिनं वाकवला, आवाज तिचा. तू नुसता आत बसून असतोस, बटाट्याच्या पोत्यासारखा!" सगळे हसले. मीही हसले — खरंच तर होतं! आणि ह्यानं चाकाचा पाना उचलून लुबीनच्या जबड्यावर हाणला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. लुबीन खाली, तोंडातून रक्ताची धार, आणि हा वरून लाथा घालतोय! मी केस धरून मागे ओढला गादिएलला. मलाही एक बसली.

लुबीन म्हणजे चागोचा धाकटा भाऊ. आणि चागोचं नाव निघालं की आमच्या आख्ख्या बायामोन गावात लोक खिडक्या लावून घेतात.

४ मार्च

आई सकाळपासून मेणबत्ती लावून बसलीय. आणि आमचे राजे खाली छपरात गाडी पुसतायत. पुसतायत!

६ मार्च, बुधवार

डाव्या हाताला बर्फ बांधलाय. उजव्यानं लिहितेय.

चागो आला माझ्या सायलेन्सरच्या दुकानात. एकटा. मी एका टोयोटाचा जुना सायलेन्सर कापत होते, पाईप अजून लाल होता. स्टूल ओढून बसला, मला 'उस्ताद' म्हणाला, कॉफी मागितली. दिली. न देऊन करते काय! मग डोळे मिटले आणि तोंडानं गादिएलच्या गाडीचा आवाज काढून दाखवला. "ब्रॅप-ब्रॅप, हुप्. ब्रॅप-ब्रॅप, हुप्." हुबेहूब! ती 'हुप्' म्हणजे तिच्या इंजिनाचा खोकला. आतलं एक सील झिजलंय, त्यामुळे मधूनच श्वास चुकतो. पाईप कितीही चांगला लावा, तो खोकला जात नाही. पाईप नुसता घसा, छाती इंजिनाची. मला वाटायचं हे आम्हा भावंडांनाच ठाऊक.

"तुझ्या भावाला शोधायला मला डोळे लागत नाहीत," म्हणाला. "रोज खाली वळणावर, पंपापाशी बसणार आहे मी. तुमच्या टेकडीवरून दुसरा रस्ता नाही. गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. आली की उडवणार."

मी म्हटलं, "हात तर लावून बघ!"

तो उठला, चिमट्यानं तो लाल पाईप उचलला आणि माझ्या मनगटावर टेकवला. अगदी सावकाश. चरचर झालं, वास आला. मी ओरडले नाही. ओठ चावून चावून फुटला, पण त्या हरामखोरापुढे ओरडले नाही. जाताना कॉफी छान होती म्हणाला.

७ मार्च

गादिएलला हात दाखवला. रडला बैल. मग म्हटलं, पाईप बदलू या, गाडी गप्प करू, मग गुपचूप विमानतळ गाठ आणि ऑरलँडोला मावशीकडे जा. तर लगेच शिंगं बाहेर! "गप्प गाडीत बसून पळू? त्यापेक्षा गोळी खातो." खा! खा मेल्या!

खरं तर मलाही जिवावर येतंय. तो पाईप माझ्या हातचा. इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत एकच सरळ नळी. मधे डबा नाही, जाळी नाही. तिचं इंजिन रोटरी, आत दट्ट्याऐवजी चकती फिरते; त्याला झडपा नसतात, आतला भडका एकदम बाहेर फेकला जातो. साधी गाडी गुरगुरते, ही फाटते. नळी अरुंद असली तर किंचाळते. फार रुंद केली तर फुसका ढोल. पातळ स्टेनलेस पत्र्याची केली तर पिंप बडवल्यासारखी वाजते. मी जाड लोखंड घेतलं, मागचा बाक तीनदा कापून पुन्हा जोडला, तेव्हा कुठे तो खालचा भरीव आवाज मिळाला. चौकातली माणसं बोलता बोलता थांबायची. म्हणायची, गादिएल आला. आणि मी दुकानात एकटीच फुगायचे.

आता त्याच आवाजावर माझा भाऊ मरणार.

९ मार्च, शनिवार

केलं! रमचा उतारा म्हणून साहेब दुपारपर्यंत लोळत होते, तेवढ्यात गाडी उचलून पाईप उतरवला. दोन मोठे डबे घातले, आत जाळी, जाळीभोवती काचेची लोकर. किल्ली फिरवली तर शिवणयंत्र! तो खोकला तेवढा बारीक ऐकू येतो, तोही गाडीला कान लावला तर.

गादिएल उठला, गाडी सुरू केली आणि जे काही पिसाळला! हातोडी घेऊन माझ्या अंगावर धावला. मी कापायचा गॅसचा टॉर्च पेटवला. "ये! ये पुढे, मिशी जाळते!" मधे आई. आईनं आम्हा दोघांच्याही थोबाडीत दिल्या. माझ्या जळलेल्या हाताचीही दया नाही केली.

पाईप दुकानाच्या भिंतीला टांगलाय.

११ मार्च

बोलत नाही माझ्याशी. न बोलू दे. जिवंत आहे.

१५ मार्च, शुक्रवार

लुबीन आला! जबडा तारेनं बांधलेला, दातांतून फिसफिस बोलतो, सगळं नळीनं पितो. मी हातात पाना घेऊन उभी. म्हणाला, "ठेव तो. पान्यांचा कंटाळा आलाय." हसू आलं मला. त्यालाही आलं, पण दुखलं.

त्याला भिंतीवरचा पाईप हवाय. आमच्यात रीतच आहे — हरला त्यानं सायलेन्सर उतरवून द्यायचा. जिंकणारा तो आपल्या गाडीला लावतो, हरलेल्याच्या गल्लीतून एक फेरी मारतो, की विषय संपला. मग कुणी कुणावर हात टाकायचा नाही. शर्यतीतलं असो नाहीतर भांडणातलं. आजवर ती रीत कुणी मोडलेली नाही.

"गादिएलचा आवाज घेऊन गावात फिरणार मी," म्हणाला. "जबड्याच्या बदल्यात आवाज. जमतंय?"

जमतंय म्हणजे काय! मी त्याच्या पायाच पडायची बाकी होते. गादिएलला वर जाऊन सांगितलं तर भिंतीवर डोकं आपटून घेतलं. मग म्हणाला, "ने म्हणावं. घेऊन जा माझी जीभ." खाली येऊन मी लुबीनला विचारलं, "चागोला हे माहीत आहे ना?"

"जबडा माझा मोडला की दादाचा? टोळीतली पोरं हल्ली माझं ऐकतात, दादा नुसता ओरडतो. त्यालाही कळू दे, मिटवायचं कधी ते मी ठरवतो." मग फिसफिस हसला. "उद्या त्याच्यासमोरूनच जातो. गादिएल आला म्हणून ताडकन उठेल आणि बघतो तर मी! तोंड बघण्यासारखं होईल."

"वेडा आहेस का? आधी फोन कर त्याला!"

"करतो गं, करतो."

१६ मार्च, शनिवार

लिहायचं नव्हतं. तरी लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

दुपारी लुबीनच्या गाडीला पाईप बसवला. त्याचीही रोटरीच, पण इंजिन नवंकोरं, निरोगी. सुरू केल्यावर मी जरा कान दिला. आवाज गादिएलचाच, पण खोकला नाही. गाणारा तोच आणि पडसं तेवढं गेलेलं. लुबीन खूष! माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले, तारा टोचल्या. "फोन केलास?" विचारलं. "करतो!" आणि निघाला.

मी दारात उभी राहून ऐकत होते. उतारावर भरभरून गेला. दुसरा गिअर, तिसरा. माझ्या हातचा तो आवाज पुन्हा रस्त्यावर! मला तर, खोटं कशाला, आनंदच झाला. वळणापाशी त्यानं अ‍ॅक्सिलेटर सोडला. जागेवरच स्लोवर वाजत राहिली गाडी. ब्रॅप-ब्रॅप, ब्रॅप-ब्रॅप. मग फाट! फाट! फाट! मी हसले. म्हटलं, लागला गडी बॅकफायर काढायला! पाईपातून जाळ निघत असेल, दादाला दाखवत असेल.

मग आवाज बंद झाला. आणि कुणीतरी बाई किंचाळायला लागली.

धावत गेले. काच फुटलेली, लुबीन स्टिअरिंगवर. छातीची चाळण. तारा बांधलेलं तोंड नीट उघडताही येत नव्हतं, रक्त दातांच्या फटींतून येत होतं. चागो रस्त्यावर गुडघे टेकून. "गादिएल वाटला! आवाज गादिएलचा होता! आवाज गादिएलचा होता!" स्वतःचं डोकं डांबरावर आपटत होता, चौघांना आवरत नव्हता.

पोलीस आले. कुणी काही पाहिलं नाही. मीसुद्धा नाही.

१७ मार्च

मी मारला. गोळी त्याची, आवाज माझा.

१९ मार्च, मंगळवार

दफन झालं. आमच्यात गाडीवाला गेला की गाड्याच रडतात — शवपेटी खाली उतरताना सगळ्यांनी रेस द्यायची, इंजिनं लाल होईपर्यंत. सगळं बायामोन आलं होतं. लुबीनची गाडी स्वतः चागोनं आणली, काच न बदलता, भोकांसकट. माझ्या पाईपाचा आवाज सगळ्यांच्या वर. मी कानांवर हात ठेवले. एका म्हातारीनं ओढून खाली केले, म्हणाली ऐकायचं असतं.

मग चागोनं गाडी बंद केली आणि सगळ्यांसमोर बोलला. "माझ्या कानांनी मला फसवलं. माझ्या भावाला मी खाल्लं. गादिएलवर माझा राग नाही, उस्तादवर नाही. लुबीननं मिटवलं होतं, ते मिटलंच." बाप्येसुद्धा हमसून हमसून रडले. माझ्याच्यानं राहवलं नाही. पुढे गेले आणि ज्या हातानं मला डागलं त्या हाताचं चुंबन घेतलं.

गादिएल घरी आल्यापासून ओकतोय. आईनं ओल्या तुरीचा भात केला. कुणीच खाल्ला नाही, पण कुणी लपूनही बसलं नाही. किती दिवसांनी दार उघडं होतं!

२४ मार्च

गादिएलनं गाडी विकायला काढली. भांडले नाही.

पोरं पुन्हा सगळी चागोकडे. लुबीनचं नाव निघालं की रडतो म्हणे, आणि पोरं पाण्यासारखी वितळतात.

२९ मार्च, शुक्रवार

चागो दुकानात आला. बरोबर गरम पाव आणि चीज आणलं होतं. त्याच स्टुलावर बसला, रस्त्याकडे पाठ करून. कॉफी दिली. आपल्या गाडीला नवा सायलेन्सर हवा म्हणाला, एकदम मऊ, कुणाला कळू नये असा.

बोलता बोलता खालून एक गाडी चढायला लागली. अजून वळणाच्या पलीकडे होती. चागोनं मान न वळवता सांगितलं, "विल्फ्रेदोची. मधली जाळी फुटलीय, आणि एक प्लगही गेलाय." गाडी समोरून गेली. विल्फ्रेदो! जाळी फुटलेली मलाही कळली होती. प्लग नव्हता कळला.

"काय कान आहेत!" मी बोलून गेले.

त्यानं कप खाली ठेवला. "तुझेही चांगलेच आहेत, उस्ताद. त्या दिवशी तू दारातच होतीस ना? काय ऐकलंस?"

"काय ऐकणार? गाडी उतारावरून गेली. मग गोळ्या."

"आणि मधे?"

"मधे काय?"

हसला. माझ्या मनगटावरच्या डागावर बोट फिरवलं, भरत आलाय म्हणाला, आणि गेला. पाव तसाच पडलाय. मधे काय, असं का विचारलं त्यानं?

३० मार्च

मधे गाडी थांबली होती. खोकला नसलेली गाडी, समोर काच, काचेत लुबीनचं हसणारं तोंड. ते बघून मग गोळ्या. वळणापलीकडून प्लग ओळखणाऱ्या कानांना खोकला नाही हे कळलं नसेल? आणि पोरं आता पुन्हा त्याचीच.

हे फक्त मी ऐकलं. आणि मी ऐकलंय हे त्याला कळलंय. सोमवारी गाडी घेऊन येतोय, सायलेन्सर बसवायला.