तिच्या वतीने क्षमा

छोटे,

मंगळवार, चार मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तुझ्या नवऱ्याने भर कोर्टात तुझ्या खुन्याला माफ केलं. न्यायाधीशांनी जन्मठेप सुनावली, तोच तुझे हे उठून त्याला म्हणाले, "देवाला स्मरून आम्ही तुला क्षमा केली. ती असती तर तिनेही केली असती." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बाहेर जिन्यावरच त्यांना गाठलं. "विचारलंत का तिला?"

"ताई, देवावर विश्वास ठेवा."

"देवावर आहे हो. तुमच्यावर नाही."

आपल्या शाळेत सिस्टरांचा नियमच होता, जिला मारलं तिनेच माफ करायचं, मैत्रिणीने मधे तोंड घालायचं नाही. तू मात्र समोरची सॉरी म्हणायच्या आतच हसून मोकळी व्हायचीस. म्हणूनच धास्ती वाटते, की ते खरं बोलले असतील.

रविवारी ते मला तुरुंगात त्याच्या भेटीला नेणार म्हणतात. तुझी इच्छा असेल तर जाईन, पण ती मला तुझ्याकडूनच कळायला हवी. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर दे, तुझ्या त्या गिचमिड अक्षरात. हो लिही, नाही लिही, मला शिव्या लिही. पण लिही गं.

तुझीच,
ताई