पडवीतला बँडसॉ

नेरूळ,
१२ ऑक्टोबर १९८६

ती. दादास,

वैजूचा नमस्कार. वहिनींनाही सांग, मुलांना गोड पापा. इथे आम्ही सगळे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. कोकमं आणि उकडे तांदूळ पोचले. दर वेळी कुणाच्या तरी हाती पाठवतोस आणि स्वतः मात्र येत नाहीस, त्यावर मी आज भांडणार नाही. आज तुझ्याकडे काम आहे.

मला बँडसॉ घ्यायचा आहे. म्हणजे पट्ट्याचं करवत मशीन. म्हणजे यांच्यासाठी घ्यायचा आहे. कोणता घ्यावा ते मला नीट लिहून कळव, कारण इथे विचारावं असं कुणी नाही आणि यांना मी विचारलेलं नाही.

तू दवाखान्यात येऊन गेलास त्यानंतरची हकिकत तुला कळावी म्हणून लिहिते. जखम कधीच भरली. उजव्या हाताची दोन बोटं गेली ती गेली, पण हात वळतो, मूठ बऱ्यापैकी बसते. कंपनीने गेटवर बसायचं काम देऊ केलं, ते यांनी घेतलं नाही. तेव्हापासून पुढच्या ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसतात. हातावर सदा रुमाल. हत्यारांच्या पेटीवर सासूबाईंनी लोणच्याच्या बरण्या मांडल्यात आणि हे चकार शब्द काढत नाहीत. लग्न झाल्यावर मी एकदा यांच्या पटाशीने नारळ सोलायला घेतला होता, तेव्हा याच माणसाने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. तो अबोला परवडला रे, हा नाही परवडत. हा माणूस पुन्हा लाकडाजवळ उभा राहिलेला मला बघायचा आहे. मला दुसरं काही नको.

कामाची ददात नाही. इथे रोज नव्या घरांची कुलपं उघडतात आणि प्रत्येक घराला देव्हारा हवा असतो. लहान हवा, भिंतीवर मावणारा हवा, पण महिरप मात्र पाहिजेच. शेजारच्या मालतीबाई माझ्याकडे ब्लाऊज शिवायला येतात. त्यांनी तर मापं देऊनच ठेवली आहेत. महिरपीची वळणं हाताच्या करवतीने काढायची तर आठवडा जायचा. गोल करवत मी या घरात आणणार नाही, यांची बोटं तिनेच नेली, तिचं नावही नको. बँडसॉचं पातं लाकूड अंगावर फेकत नाही, खाली टेबलावर दाबतं, असं मी बाबांच्या तोंडून ऐकलेलं आहे. बरोबर ना?

मी दोन मशीनं बघून आले. एक नवं कोरं, बारा इंची चाकांचं, पत्र्याच्या पायांचं. दुसरं कुर्ल्याला जुन्या मालाच्या दुकानात, अठरा इंची, सगळं ओतीव बिडाचं, चार माणसांनी उचलावं असं. पण त्याची मोटर थ्री-फेज आणि आमच्याकडे साधी लाइन. दुकानदार मला म्हणाला, "मॅडम, मिस्टरांना घेऊन या, लेडीज लोकांना यातलं काय समजणार?" मी म्हटलं, मिस्टर बिझी आहेत.

लवकर लिही. आणि पत्रात यांची चौकशी कर.

तुझी
वैजू


नेरूळ,
१४ डिसेंबर १९८६

ती. दादास,

नमस्कार. तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घड्यांवर फाटलं. "हलकं मशीन घेऊ नको, कापताना थरथरेल आणि रेघ चुकेल. जुनं बिडाचं घे, मोटर बदलता येते, वजन बदलता येत नाही. चाकं हाताने फिरवून बघ, डुगडुगतात का. चाकांवरच्या रबराच्या पट्टीला भेगा आहेत का बघ." सगळं सगळं लिहिलंस. यांच्याबद्दल एक अक्षर नाही. मी कागद उलटून मागे पाहिलं, तिथेही नव्हतं.

तर जुनं बिडाचंच घेतलं. बोटांच्या भरपाईचे कंपनीकडून आलेले पैसे बँकेत होते, हे त्यांना हात लावायला तयार नव्हते, मी लावला. दुकानात मी वरचं चाक हाताने फिरवलं आणि कान लावून ऐकलं. शिलाई मशीनही मी तसंच तपासते. चाक निमूट फिरलं. दुकानदार मग जरा नरम झाला. इथल्या जयप्रकाश वायरमनने थ्री-फेज मोटर काढून एक हॉर्सपॉवरची साधी बसवून दिली. मागच्या अंगणावर पत्रे टाकून आम्ही जी पडवी केली आहे, तिथे मशीन उभं आहे. पायांखाली जुन्या टायरचे तुकडे घातले. खाडीचा वारा लोखंड खातो, म्हणून सासूबाई रोज सकाळी टेबलावर खोबरेल तेल चोळतात. त्या मशीनशी बोलतातसुद्धा, मी ऐकलं आहे.

यांचं विचारशील तर, अर्थात तू विचारणार नाहीस, टेम्पोतून मशीन उतरताना यांनी पाहिलं, उठले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. त्या दिवशी जेवले नाहीत. मला वाटलं, वैजे, केलंस ना वाटोळं.

पण पातं चढवायच्या दिवशी गंमत झाली. वेटोळं सोडवताना ते असं काही फणकन उलगडलं की मी ओरडून मागे सरले. मग गोणपाटाचे तुकडे हातात धरून कसंबसं चाकांवर घातलं. दाते खाली, माझ्याकडे तोंड करून, तू लिहिलंस तसे. वरचं चाक हाताने फिरवायला गेले तर दाराआडून आवाज आला, "प्लग काढलास?"

मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर निघून गेले असते. म्हटलं, "काढला." थोड्या वेळाने पुन्हा, "पातं मागे सरकतंय. वरच्या चाकाचा मागचा स्क्रू थोडा फिरव. थोडा म्हटलं मी. रहाट नाही तो." आठ महिन्यांत हे माझ्याशी एका दमात इतकं बोलले नव्हते. पातं चाकाच्या मधोमध येईपर्यंत ते दाराआड उभे होते. मग चपला वाजल्या, पुन्हा ओट्यावर गेले.

दादा, आता एक सांगते. मागच्या पत्रात 'यांच्यासाठी' लिहिलं ते अर्धंच खरं होतं. मशीन मी चालवणार आहे. हे पडवीत पाऊल टाकत नाहीत, त्यांना मी हाताला धरून नेणार नाही, आणि मालतीबाईंचा देव्हारा माझ्याच्याने अडवून ठेवणं व्हायचं नाही. आपल्या घरात बायकांनी खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू लावायचं आणि दुसऱ्या दिवसापासून लांब राहायचं, हे मला तुझ्याइतकंच माहीत आहे. पण ब्लाऊजचा गळा मी पंधरा वर्षं वळवते आहे. कापड ढकलायचं नाही, ओढायचं नाही, नुसतं वळवत राहायचं. लाकूड काय वेगळं असणार? वेगळं असेल तर तसं लिही. रागावणार असलास तर रागावून लिही, पण लिही.

तुझी
वैजू


नेरूळ,
८ फेब्रुवारी १९८७

ती. दादास,

नमस्कार. तुझं उत्तर आलं नाही. रागावलास की काय कोण जाणे. मीही वाट बघत बसले नाही. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, तर त्याच दिवशी मशीनची पूजा करून पहिलं लाकूड कापायचं ठरवलं. मालतीबाई आणि गल्लीतल्या बायका यायच्याच होत्या. तिळगूळही होईल, उद्घाटनही होईल.

सासूबाईंनी सकाळी पडवी सारवल्यासारखी लखलखीत केली. मशीनला झेंडूचा हार घालणार होत्या, तो मी पात्यापासून लांब, मागच्या खांबाला बांधायला लावला. नारळ वाढवला. बायका दाटीवाटीने दारात उभ्या राहिल्या. मी पदर खोचला, देव्हाऱ्याच्या महिरपीची फळी टेबलावर ठेवली आणि बटण दाबलं.

पातं क्षणभर फिरलं, मग डावीउजवीकडे लटपटायला लागलं आणि आत धाडकन आवाज झाला. पातं चाकावरून निसटून झाकणावर आदळलं होतं. मोटर नुसती घुमत राहिली. मी फळी सोडून मागे झाले, पण बटण बंद करायचं मला सुचेना. दादा, त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे यांचा हातच आला.

तेवढ्यात बायकांना बाजूला सारत हे आत आले. धावत आले. मेन स्विचवर हात मारला तो उजवा, रुमाल कुठे पडला त्यांना ठाऊक नाही. आधी माझे दोन्ही हात धरून उलटेपालटे करून पाहिले, सगळी बोटं जागेवर आहेत ना. सगळ्यांसमोर. मला लाजही वाटली नाही.

बाहेर कुजबुज सुरू झाली. सासूबाई दाराशी टेकून रडायला लागल्या, "बाईमाणसाचो हात लागलो, देवाक रुचला नाय." मला इतका राग आला की मी बोलले असते, पण यांनी खालचं झाकण उघडून चाकाच्या रबरावरून डाव्या हाताची बोटं फिरवली आणि ती माझ्या नाकापुढे धरली. खोबरेल तेल! टेबलाला लावून उरलेलं सासूबाईंनी पूजेआधी दोन्ही चाकांना मनोभावे चोपडलं होतं. त्यांचे वडील गाडीवान. चाक म्हटलं की त्यांचा हात तेलाकडे जातो. आणि तेलकट रबरावर पातं ठरणार कसं?

यांनी आईकडे पाहिलं. मग बायकांकडे वळून मोठ्याने म्हणाले, "काय टेन्शन घेऊ नका. रबर जुनं आहे, त्याचंच तेल सुटतंय. मशीनची चूक, माणसाची नाही." रबराला कधी तेल सुटत नाही हे मला ठाऊक आहे. सासूबाईंनी डोळे पुसून विचारलं, "मगे आता चाकाक तेल लावूचा नाय?" हे म्हणाले, "नको आई. टेबलाला लाव, तुझ्याशिवाय ते कोण करणार?"

मग आम्ही दोघांनी चाकं साबणाच्या पाण्याने पुसली, कोरडी केली, खडूची पूड लावली. पातं वाकलं नव्हतं, नशीब. हे म्हणाले, "आता तू चढव. मी बघतो." बायका चहा पिऊन परत दारात हजर. पातं चाकाच्या मधोमध आलं. मी बटण दाबलं आणि मशीन सरळ एका सुरात चाललं.

मला वाटलं होतं हे पात्याकडे बघत राहतील. ते माझ्या हातांकडे बघत होते. टेबलाच्या पलीकडून त्यांनी आपला उजवा हात पुढे केला, पात्याच्या रेषेत, पात्यापासून लांब, आणि म्हणाले, "हात इथे नाही ठेवायचा." मग बाजूला नेला. "इथे." मी मान हलवली. त्यांनी पुन्हा दाखवलं. मी पुन्हा मान हलवली. त्यांनी तिसऱ्यांदा दाखवलं. मग मीच फळी पुढे सरकवली, नाही तर आम्ही दोघं तिथेच रडत बसलो असतो.

महिरप निघाली. एका वळणावर मी घाई केली, तिथे जरा खोच पडली आहे. मालतीबाई म्हणतात तिथे फूल बसेल. यांनी खोच अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, "पॉलिशपेपर आण." त्या दिवसापासून हे पडवीतच असतात. बरण्या खाली उतरल्या. उजव्या हाताने रंधा धरायची खटपट चालू आहे. चिडतात, आपटतात, मला टाकून बोलतात. बरं वाटतं.

आता तुझं आणि माझं भांडण. दादा, ती नोकरी तू लावून दिलीस म्हणून बोटं गेली, असं तू मनात धरून बसला आहेस. दवाखान्यात तू दारातूनच परत फिरलास. मी खिडकीतून पाहत होते, खाली गेटपाशी उभा राहून तू रडलास. मी कुणाला सांगितलं नाही. तू तांदूळ पाठवतोस, कोकमं पाठवतोस, मशीनच्या स्क्रूबद्दल चार पानं लिहितोस आणि यांचं नाव लिहायला तुझा हात उचलत नाही. इकडे हे समजतात की हात गेलेल्या माणसाची तू लाज बाळगतोस. वर्ष होईल दोघं असे बसून आहात. पहिलं पत्र मी मशीनसाठी लिहिलं हे खरं, पण मशीनचं निमित्त करून तुझं यांच्याशी बोलणं सुरू होईल, अशीही आशा होती. तू हुशार निघालास, नुसतं मशीनवरच बोललास.

म्हणून काल रात्रीच्या जेवणाला यांना सगळं सांगून टाकलं, गेटपाशी रडलास तेही. रागाव हवं तर. हे ताटावरून उठले नाहीत, बराच वेळ भात चिवडत राहिले. आज दुपारी म्हणाले, पाकीट चिकटवू नको, खाली जागा ठेव. ठेवली आहे.

तुझी
वैजू

*

भगवानदादा,

डाव्या हाताने लिहितो आहे, वेळ लागतो. त्या नोकरीसाठी मीच तुमच्या मागे लागलो होतो. तुम्ही म्हणाला होता, थांब, दुसरीकडे बघू. मी थांबलो नाही. तुमच्यापुढे यायची लाज मला वाटायची, तुम्हाला माझी लाज वाटत नव्हती, हे काल कळलं.

पातं सरळ धरणारं वरचं गाइड ही लाकडापासून फार उंच ठेवते. मी सांगितलं की म्हणते दादाने असंच लिहिलं आहे. तुम्ही असं लिहिणार नाही. हिला माझं पटत नाही, तुमचं पटेल. पनवेलला उतरा, मी एस.टी.वर न्यायला येतो.

नंदू