दारातला जयभीम

बौद्धवाडी, आगरदांड्याजवळ
ता. १५ मार्च १९६१

चि. दयाराम यास थोरली बहीण राही हिचे पोटभर आशीर्वाद आणि जयभीम.

मी खुशाल हाय. प्रौढांच्या वर्गात मला तूच ढकललंस, आता माझी पत्रं वाचायची शिक्षा भोग! 

जयंती महिन्यावर आली. बाबासाहेबांची तसबीर माझ्या घरी असते, काच पुसून ठेवली. पण मिरवणुकीला माणूस कुठाय? भिकूचं बिऱ्हाड माघात मुंबईला गेलं. कोंडाजीकाकांनी अंथरूण धरलंय. उरलेली दोन घरं म्हणतात, यंदा मुंबईचीच जयंती बघू. तुला ठाऊक हाय, आपण दारोदार थांबतो. बाहेरून जयभीम घालायचा, घरातल्याने दारात येऊन परत द्यायचा नि मेणबत्ती घेऊन मागे लागायचं. मग सगळ्यांनी गावच्या हमरस्त्याने विहिरीवर जाऊन ओंजळभर पाणी प्यायचं. त्याच विहिरीवर आई घागर खाली ठेवून ताटकळायची, कोणी वरून पाणी ओतील म्हणून. एक साल खंड पडला तर पुढल्या साली त्या रस्त्यासाठी परत भांडावं लागेल. तू ये रे बाबा.

तुझ्या बायकोला, मैनाला सांग, कोलंबीचे सोडे सुकवून ठेवलेत. माया आटू देऊ नको.

तुझी अक्का, राही


मुंबई
ता. २ एप्रिल १९६१

ती. अक्का हिस धाकट्या दयारामचा सविनय जयभीम.

पत्र पोचले. अक्षर माझ्यापेक्षा झकास, गिरणीत माझ्या जागी तूच ये.

पण अक्का, यंदा जमत नाही गं. चाळीच्या मंडळाने मला चिटणीस केले आहे. मंडप, लाऊडस्पीकर, सगळे माझ्या गळ्यात. भाषणही करायचे आहे, आणि खरे सांगतो, छाती फुगली आहे. तू घोर लावून घेऊ नकोस. भिकूच्या घरी निरोप ठेवलाय, तो माणसे घेऊन तेरा तारखेच्या बोटीने येईल.

मैनाचा नमस्कार. राग न धरता आशीर्वाद असू दे.

तुझा दयाराम


बौद्धवाडी
ता. १६ एप्रिल १९६१

चि. दयाराम यास राहीचे आशीर्वाद, जयभीम.

बोट आली. मी सकाळपासून धक्क्यावर. भिकू न्हाय, कोणी न्हाय. शेवटची टोपली उतरली तरी मी उभीच.

चौदाला पांढरं लुगडं नेसले, तसबीर छातीशी धरली नि निघाले. कोंडाजीकाकांनी आतून पडल्यापडल्या जयभीम दिला. म्हाताऱ्याचा आवाज अजून काय खणखणीत, बाई! पुढे सगळी कुलपं. तरी दर दाराशी थांबले, जयभीम घातला. आधी लाज वाटली, कोणी बघितलं तर म्हणतील राहीला वेड लागलं. मग रडूच आलं. तुझ्या दाराशी जास्त वेळ उभी होते. चावी माझ्या कनवटीला होती, पण उघडून काय करू? आत कोण हाय?

हमरस्त्यावर वाण्याने विचारलं, बाकीची मंडळी कुठं? मागून येतायत म्हटलं, आणि मागे न बघता चालत राहिले. विहिरीवर तसबीर काठाला टेकवली, पाणी शेंदलं, प्याले. कोणी हटकलं न्हाय. रस्ता राखला रे तुझ्या बहिणीने.

तुझ्यावर राग हाय, लपवत न्हाय. तसबीर मी जिवात जीव हाय तोवर एकटी उचलीन. पण जयभीम परत द्यायला दुसरं माणूस लागतं. ते मी कुठून आणू?

तिकडे सगळी सुखात असा.

राही


मुंबई
ता. २२ एप्रिल १९६१

ती. अक्का हिस दयारामचा जयभीम.

तुझे पत्र मैनाने मोठ्याने वाचले. मला वाचवेना. भिकूकडे जाऊन भांडलो. त्याला वाटले, सख्खा भाऊ आहे, तो जाणारच. आपण नुसते सोबतीला, नाही गेलो तरी चालेल. मला वाटले भिकू गेला. असे आम्ही दोघे शहाणे एकाच मंडपात, पाठीला पाठ लावून! भाषणात मी आईच्या घागरीची गोष्ट सांगितली. टाळ्या पडल्या. सगळ्या मंडपाने मला जयभीम दिला, तेव्हा तू तिथे माझ्या कुलपाशी उभी होतीस.

वैशाखी पौर्णिमेला मी, मैना आणि भिकूचे बिऱ्हाड येतो आहोत. आदल्या दिवशीची बोट धरू. तू धक्क्यावर येऊ नकोस. चावी कोंडाजीकाकांच्या उशाशी ठेव. सकाळी तसबीर घेऊन निघ आणि माझ्या दाराशी थांबून मोठ्याने म्हण.

दारात मी असेन.

तुझा दयाराम