चपट्या कृमीची वाटणी

मी, श्रीपतराव माणिकराव बिरादार, वय बासष्ट, पूर्वी सरकारी शाळेत विज्ञानाचा मास्तर, हल्ली घरीच, राहणार औराद, जिल्हा बीदर, हे मृत्युपत्र तोंडी सांगून लिहवीत आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे लेखणी माझे स्नेही रेवणसिद्धप्पा यांच्या हाती आहे. डोळे गेले तरी डोके ठिकाणावर आहे. नशापाणी केलेले नाही, कोणी धाक घातलेला नाही. चिरंजीवांनी घालून पाहावाच, मग कळेल. रेवणसिद्धप्पा, हेही लिहा, गाळू नका.

कलम पहिले. राहते घर पत्नी चंद्रभागाबाई हिचे. ती आहे तोवर तिला त्या घरात कोणी "सरक" म्हणू नये.

कलम दुसरे. ओढ्याकडील काळी जमीन चिरंजीव अंकुशराव याची. शेजारी भीमण्णा दरसाल बांध कोरतो. त्याच्यावर दावा लावू नये, दाव्यात बांधही जातो आणि शेतही जाते. बांधावर बोरी लावाव्यात, काटे आपले काम करतील.

कलम तिसरे. पितळी सूक्ष्मदर्शक यंत्र औरादच्या शाळेस. मुलांनी डोळा लावावा, भिंगाला बोट लावू नये.

कलम चौथे. खरे सांगायचे तर याच कलमासाठी हा सारा खटाटोप आहे.

चाळिशीत असताना मी सुटीत रत्नागिरीस गेलो होतो. ओहोटीच्या वेळी एक दगड उलथला, तर त्याच्या पोटाशी समुद्रातला चपटा कृमी चिकटलेला. आमच्या घरात त्याला अजून जंत म्हणतात. तो जंत नव्हे! विड्याच्या कोवळ्या पानाएवढा आणि तितकाच पातळ, पाठ जांभळी, कडेला झालर आणि झालरीवर शेंदरी रेघ. पाय नाहीत, माशासारखे पर नाहीत, पोहताना सबंध अंगच हेलकावते. इतके देखणे जनावर मी जन्मात पाहिले नव्हते. तो पाण्यात जिवंत असतानाच मी त्याचे रंग चितारून घेतले, कारण स्पिरिटात पडला की रंग उडतो आणि पिवळट चिंधी उरते. मग पुण्यास त्याला मेणात बसवून, यंत्रावर डोक्यापासून शेपटापर्यंत केसाहून पातळ काप काढविले आणि ते ओळीने काचपट्ट्यांवर चिकटविले.

या कृमींच्या दोन जाती वरून सारख्या दिसू शकतात. खरी ओळख आत असते. पुढच्या भागात मेंदू आणि डोळ्यांच्या टिकल्यांची मांडणी, मागच्या भागात जननेंद्रिये, तीही नर आणि मादी दोन्हींची, कारण हा प्राणी एकाच देही दोन्ही असतो. पुढचे आणि मागचे जुळवून पाहिल्याखेरीज जात नवी की जुनी हे ठरत नाही. माझ्या मते नवी आहे. मत कसले, खात्री आहे.

पुढे आम्हा भावांची वाटणी झाली. धाकटा भाऊ हणमंतराव, राहणार ठाणाकुशनूर. पंचांनी भांडी मोजली, बैल वाटले आणि काचपट्ट्यांच्या पेटीपाशी आले. "एकत्रात असताना केलेलं हाय, अर्धं अर्धं," असा न्याय झाला. मी म्हणालो, बाबांनो, हा एक जीव आहे, याची वाटणी होत नसते.

हणमंता म्हणाला, "कामून व्हत न्हाई, अण्णा? कापलास तर तूच की! मी हितं नांगर धरून मरायलो व्हतो तवा तू समुद्राकाठी दगडं उलथायलास. त्या किड्यात माझाबी घाम हाय."

पंच हसले. पुढच्या काचा हणमंताला गेल्या, मागच्या मला. त्या घरात मेंदू आला तो तेवढाच!

मी जातीचे वर्णन लिहून कलकत्त्यास एका जाणकारांकडे धाडले. वर्णन उत्तम आहे, परंतु सबंध प्राणी पाहिल्यावाचून नवी जात म्हणता येत नाही, असे त्यांनी कळविले. मी हणमंताला निरोप पाठविला. उलट निरोप आला, "अण्णानं माझ्या दारात यावं, तोंडानं मागावं. काचा डोक्यावर घिऊन पोचत्या करतो." थोरल्याने धाकट्याच्या दारात हात पसरायचा? मी गेलो नाही, तो आला नाही. दिवाळसण गेले, लग्नकार्ये गेली. पानावर बसलो की त्याची आठवण येते, हे मी कोणाला सांगितलेले नाही.

सबब, माझ्या माघारी माझ्या वाट्याच्या काचा, रंगीत चित्र आणि वर्णनाचे कागद हणमंतरावास बिनशर्त द्यावेत. कृमी एका घरात तरी पुरा होईल. चूक त्याचीच होती, हे मी आजही म्हणतो आणि हे वाक्य कोणी खोडू नये. पण त्या मुक्या जिवाला आमच्या भांडणाशी काय घेणे?

येथवर रेवणसिद्धप्पांनी वाचून दाखविले तेव्हा चंद्रभागाबाई चूल सोडून उंबऱ्यात आली.

"मेल्यावर दिऊन काय उपेग? कुठली काच कुठल्या काचेला जुळती, भाऊजीला कोण सांगंल? तुम्ही तर वर जाऊन बसताल. व्हय का न्हाई, अप्पा?"

"अक्का बराबर बोलायल्यात, मास्तर," रेवणसिद्धप्पा म्हणाले.

लिहिणाऱ्याने लिहावे, बोलू नये, असे मी त्यांना बजावले. पण बोलणे खोटे नव्हते. काचांचा क्रम माझ्या डोक्यात आहे, कागदावर नाही. मी मेलो की दोन्ही घरांत नुसती काच राहील.

कलम पाचवे. कलम चौथ्यातील देणगी रद्द. तीवर मी स्वहस्ते रेघ ओढली आहे. रेघ वाकडी असली तरी माझीच समजावी. जी वस्तू मरणसमयी माझ्याजवळ नसेल तिची व्यवस्था लिहिण्यात अर्थ नाही. अंकुशरावास गाडी जुंपावयास सांगितले आहे. आता हणमंतरावास या कागदाने काही मिळत नाही, तेव्हा तो साक्षीदार होण्यास मोकळा आहे. दुसऱ्या साक्षीची जागा त्याच्यासाठी कोरी ठेवली आहे.

मुक्काम औराद, पौष वद्य पंचमी, शके १८६५, फसली १३५३.

सही: श्रीपतराव माणिकराव बिरादार

साक्ष पहिली व हस्ताक्षर: रेवणसिद्धप्पा, राहणार औराद

साक्ष दुसरी: हणमंतराव माणिकराव बिरादार, मुक्काम ठाणाकुशनूर, पौष वद्य षष्ठी. अण्णा दारात आला. मागू दिलं न्हाई.