बिनलेबलची डबी

९ फेब्रुवारी, सोमवार

बारावीचं प्रॅक्टिकल. ब्युरेट हातात असतानाच वाफ आली — पोटातून निघाली, मानेवर, कानांवर चढली. ब्लाउज पाठीला चिकटला. बाहेरून आलेल्या परीक्षक सगळ्या मुलींसमोर म्हणाल्या, "मैडम, तबियत ठीक है? बैठ जाइए।" बसले. पंचवीस वर्षं केमिस्ट्री शिकवते आहे, प्रॅक्टिकल चालू असताना कधी खाली बसले नव्हते.

पाळी गेल्यापासून दिवसातून दहा-बारा वेळा होतं हे. सकाळी उशी ओली.

११ फेब्रुवारी

डॉ. मृणालकडे गेले. पुन्हा तेच विचारलं, हार्मोनची गोळी का नाही? "तुमचा स्तनाचा कॅन्सर हार्मोनवर वाढणारा होता, प्रतिभाताई. ऑपरेशनला तीनच वर्षं झालीत. तो रस्ता आपल्याला बंद आहे." दुसरी गोळी लिहून दिली, हार्मोन नसलेली. मूळची डिप्रेशनची, पण कमी डोसमध्ये वाफांवर चालते.

घरी नवऱ्याने, सुहासने, चिठ्ठी वाचली. "डिप्रेशनची? तुला वेड लागलंय का?" रागावून नाही, घाबरून. गोळ्या कपाटात ठेवल्या.

१३ फेब्रुवारी

कल्पनावहिनी वर आल्या. मोठ्या जाऊबाई, खालच्या मजल्यावर असतात. माझ्या ऑपरेशननंतर सहा महिने दोन्ही वेळचा डबा त्यांनीच वर आणला. त्यांना नाही म्हणवत नाही मला.

चूर्णाची डबी दिली. राम घाटाजवळच्या कुणा वैद्यांकडची. "मी वर्षभर घेतेय. जडीबुटीच तर आहे, नुकसान काय होणार?"

डबीवर लेबल नाही. मुलींना दरवर्षी सांगते — लेबल नसलेल्या बाटलीला हात लावायचा नाही.

चमचाभर घेतलं.

२ मार्च

चार दिवस एकही वाफ नाही. सलग सात तास झोप. मृणालना कळवलं नाही. कशाला?

१० मार्च

रक्त.

पाळी जाऊन तीन वर्षं झाली. बाथरूममध्ये उभीच राहिले. मग पदर सारखा करून शाळेत गेले.

११ मार्च

आज जास्त. रात्री सुहासला सांगितलं. तो नुसता पायांत चपला घालून बसला — क्लिनिक सकाळीच उघडणार होतं.

१२ मार्च

मृणालनी विचारलं, "आणखी काय घेताय?" डबी टेबलावर ठेवली. त्यांनी झाकण उघडलं, बंद केलं. "यात काय आहे ते तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही. पण इतका झटकन गुण आला की मला भीती वाटते. अशा पुड्यांत कधीकधी हार्मोन मिसळलेले असतात." मग हळू आवाजात, "पाळी गेल्यावर एक थेंब जरी दिसला, तरी तपासायचंच. थांबायचं नाही."

सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड. तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्टला पाच दिवस.

रिक्षात सुहास म्हणाला, "ती गोळी मीच घेऊ दिली नाही तुला." मी बाहेर रस्त्याकडे बघत राहिले. हो म्हणायचं नव्हतं, नाही म्हणवेना.

१४ मार्च

चूर्ण बंद केलं, वाफा परत. शाळेत एका मुलीवर फालतू ओरडले.

१७ मार्च

रिपोर्ट चांगला. कॅन्सर नाही. सुहासने मृणालसमोरच डोळे पुसले. कपाटातली गोळी संध्याकाळी त्यानेच पाण्यासोबत दिली. गुण यायला पंधरा दिवस तरी वाट बघायची आहे.

खाली जाऊन वहिनींना सगळं सांगितलं — थेंबाचं, तुकड्याचं, डॉक्टर काय म्हणाल्या तेही. त्या पोळी लाटत होत्या. लाटतच राहिल्या.

१९ मार्च, पाडवा

सकाळी वहिनी जिन्यातच थांबल्या. "गुढी आज तूच उभार. मला चालत नाही." मला कळेना. त्यांची पाळी जाऊन आठ वर्षं झाली.

"दिवाळीपासून," त्या म्हणाल्या. "वैद्य म्हणाले, घाण निघतेय, निघू दे."

मृणालना फोन केला. सुट्टी आहे तरी म्हणाल्या, आजच आणा.